रीळ अजून संपलेलं नाही

दुपारी झोप न येणाऱ्या म्हाताऱ्यांचं बुदाई गावच्या किनाऱ्यावर काही अडत नाही. काही जण देवळाच्या ओट्यावर सोंगट्यांचा पट मांडून एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरतात. काही टीव्हीसमोर तोंड उघडं टाकून पडतात आणि उठवलं की आपण जागेच होतो असं शपथेवर सांगतात. को क्वांग-बिंग मात्र मोटरसायकल काढायचा.

बिंगनं उभं आयुष्य साखर कारखान्याच्या उसाच्या आगगाडीवर काढलं. जिकडे रूळ तिकडे बिंग. पुढे कारखान्यानं आधी गाडी बंद केली, मग रूळ उपटले आणि सगळ्यात शेवटी बिंगला हार घालून घरी पाठवलं. आता मन मानेल तिकडे जायची मुभा मिळाली, तर या पठ्ठ्यानं काय करावं? रोज एकाच रस्त्यानं जायला लागला. घरामागच्या मत्स्यतळ्यांच्या बांधावरून, ओस पडलेल्या मिठागरांना वळसा घालून, समुद्राच्या भिंतीकडेनं थेट बंदरापर्यंत, आणि तसाच परत. तेही इतक्या सावकाश की गावातली कुत्री त्याच्या मागे धावायची सोडून नुसती मान वर करून बघायची.

गळ्यात कॅमेरा. जुना, रीळ घालायचा. तोवर लोकांकडे पडद्यावर लगेच चित्र दाखवणारे कॅमेरे आले होते, पण बिंगला नव्या वस्तूंचा कंटाळा यायचा. खरं तर त्याला बऱ्याच गोष्टींचा कंटाळा यायचा. काम करून आलेला थकवा झोपेनं जातो. बायको गेल्यापासून त्याला जो आला होता तो झोपेआधीही असायचा आणि झोपेनंतरही. मोटरसायकलवर बसलं की तो वाऱ्यानं जरा विरळ व्हायचा, इतकंच.

जिथे थांबेल तिथे गाडी स्टँडवर लावायची आणि तिचा एक फोटो काढायचा, ही त्याची पद्धत. देवळापुढे गाडी. मिठागराच्या पडक्या कचेरीपुढे गाडी. बगळ्यांनी पांढऱ्या केलेल्या झाडाखाली गाडी. सगळ्या फोटोंत गाडी तीच, मागचं जग तेवढं बदलायचं. धुऊन आलेले फोटो तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत टाकायचा आणि पुन्हा कधी बघायचा नाही.

पूर्वी तो माणसांचेही फोटो काढायचा, आणि चांगले काढायचा. देवळाचा म्हातारा राखणदार झाडू टेकून उभा आहे, बर्फाचा गोळा विकणारा दाराशी पाय सोडून बसलाय. पुढच्या फेरीला बिंग त्यांना फोटो नेऊन द्यायचा आणि ते हसून चहा पाजायचे. मग राखणदार गेला. घरच्यांकडे दुसरा धड फोटो नव्हता, म्हणून त्यांनी बिंगचाच मोठा करून प्रेताच्या मांडवात लावला. मग गोळेवाला गेला, त्याचंही तेच. तिसरी एका कोळ्याची आई. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, दुसरं काय. पण कावळा कॅमेरा घेऊन हिंडत असला तर लोक फांदीला दोष देत नाहीत. बिंगची गाडी दिसली की म्हाताऱ्या तोंड फिरवायला लागल्या. ‘बिंगचा कॅमेरा वरचं बोलावणं घेऊन येतो,’ असं दुकानादुकानांतून बोललं जाऊ लागलं.

बिंग हसायचा. मग एका वाऱ्याच्या दिवशी त्यानं समुद्राच्या भिंतीवर आपल्या बायकोचा, सिओक-हुनचा फोटो काढला. एका हातानं टोपी धरलेली, डोळे बारीक केलेले. वर्ष उलटायच्या आत तोच फोटो त्याच्या घरातल्या देव्हाऱ्याशेजारी चौकटीत बसला. त्यानंतर त्या बोलण्यावर बिंग हसला नाही आणि माणसांकडे कॅमेरा त्यानं वळवला नाही. बगळे, खांब, आभाळ आणि गाडी. यातलं कुणी गेलं तरी मांडव घालावा लागत नाही.

या रोजच्या फेरीचं खरं टोक म्हणजे बंदराकाठची कालवं फोडणाऱ्या बायकांची शेड. पत्र्याखाली दहा-बारा बायका रांगेनं बसलेल्या, पुढ्यात शिंपल्यांचे डोंगर, हातात आखूड सुरी. डोक्यावर बांबूची टोपी आणि तोंडाला फुलाफुलांचं फडकं. ऊन, खारा वारा आणि उडणारी कच यातून वाचायचं तर तसंच बसावं लागतं. त्यामुळे या बायकांचे फक्त डोळे दिसतात, आणि ऐकू येतं ते तोंड. त्यातलं सगळ्यात मोठं तोंड बाँगची चिमचं. चिम म्हणजे काकू. ऐंशी ओलांडलेली, चारपाच दात शिल्लक, आणि सुरी चालायची ती पोरीबाळींना लाजवेल अशी.

बाँगची या नावाचा अर्थ ‘असू दे, वाढवू या कशीबशी’. आपल्याकडे तीनचार मुलींवर आणखी एक झाली की नकुशा म्हणून मोकळे होतात, तसंच.

“आला बघा रेडेवाला!” बिंगची गाडी दिसली की ती ओरडायची. गाडीला ती म्हातारा रेडा म्हणायची, आणि त्याला लाडानं आ-बिंग. “काय रे आ-बिंग, आज रेड्यानं ओढून आणलं की तू रेड्याला?”

“दोघं मिळून आलो, चिम.”

“बस. बार्लीचं पाणी घे. तोंड बघ कसं झालंय, उपाशी देवासारखं.”

मग तो उलट्या टोपलीवर बसायचा, ती त्याच्या हातात बार्लीच्या थंड चहाचा मग द्यायची, कधी कालवांचं धिरडं, आणि तासभर तो नुसता ऐकत राहायचा. कोणाची सून कोणाशी बोलत नाही, कोणत्या देवाची पालखी यंदा आधी निघणार. त्याला स्वतःला काही बोलावं लागायचं नाही, याचं त्याला फार बरं वाटायचं. दिवसभरात एवढा एक तास तो थकलेला नसायचा. हे त्यानं तिला कधी सांगितलं नाही.

एका दुपारी चिमनं सुरी खाली ठेवली. ती सुरी खाली ठेवते म्हणजे काहीतरी गंभीर आहे हे शेजारच्या आ-खिमलाही कळलं आणि तिनंही हात थांबवले.

“बिंग, माझा एक फोटो काढ.”

“कसला?”

“कसला म्हणजे? तसला. वर लावायचा.”

बिंगनं मगात पाहिलं. “आज ऊन फार आहे, चिम.”

“मग उद्या काढ.”

“उद्या वारा असतो.”

“परवा भूकंप असेल,” चिम म्हणाली. “अरे, तू घाबरतोस होय? या बाया म्हणतात म्हणून? माझं वय बघ. मला न्यायला यमाच्या कचेरीतल्या लोकांना तुझा कॅमेरा कशाला हवा? रस्ता माहीत आहे त्यांना.”

“शहरात स्टुडिओ आहेत की. चांगले काढतात.”

“तिथे जायला पोरांना सांगावं लागेल, आणि पोरांना सांगितलं की ती रडणार, अशुभ बोलू नकोस म्हणणार. आणि मी मेले की काय करतील, माहीत आहे? ओळखपत्रावरचा मोठा करतील. तो बघितलायस तू? कोंबडी चोरताना धरल्यासारखी दिसते मी त्यात. लोक उदबत्ती लावतील आणि मनात म्हणतील, बरं झालं गेली ती.”

आ-खिम खिदळली. चिम हसली नाही. तिनं तोंडावरचं फडकं जरा सैल केलं आणि हळू आवाजात बोलली.

“जन्मले तेव्हा कुणाला नको होते मी. शाळेत गेले नाही, म्हणून शाळेचा फोटो नाही. लग्नात फोटोवाला बोलवायची सासऱ्याची ऐपत नव्हती. बाकी सगळा जन्म हे फडकं बांधून गेला. शेवटच्या दिवशी तरी लोकांना माझं तोंड नीट दिसू दे की. एवढंच मागते.”

याच्यावर नाही कोण म्हणणार? बिंग हो म्हणाला. हो म्हणाला आणि चहा अर्धा टाकून उठला.

ठरलेल्या दिवशी तो बांधावरून नेहमीपेक्षाही सावकाश निघाला. आदल्याच दिवशी कॅमेऱ्यातलं रीळ संपलं होतं आणि नवं त्याच्या सदऱ्याच्या खिशात होतं. सिओक-हुनचा फोटो काढला होता त्या जागी तो थांबला. खिशातली डबी काढली, हातात फिरवली, पुन्हा खिशात टाकली. बटण दाबलं की माणूस जातं, यावर त्याचा विश्वास नव्हता. पण नाहीच जात, यावरही नव्हता. आणि चिम गेली तर त्या टोपलीवर बसून तो कुणाचं ऐकणार होता? त्यानं मनाशी एक अजब तोड काढली. तिला फोटो काढल्याचं समाधान द्यायचं आणि फोटो मात्र काढायचा नाही. आजचं मरण उद्यावर ढकलणं म्हणतात ते हेच.

शेडमध्ये त्या दिवशी कालवं तशीच पडली होती आणि बायका लग्नघरासारख्या गोळा झाल्या होत्या. मध्ये खुर्चीवर बाँगची चिम. बंदरावरच्या पार्लरमध्ये जाऊन तिनं केस फुगवून घेतले होते. मुलीनं दिलेलं, कधी न वापरलेलं जांभळं जाकीट, हातात जेडची बांगडी, ओठांवर कुणाची तरी लिपस्टिक. आणि तोंडावर फडकं नाही. गालाच्या वरचा भाग रापलेला आणि खालचा लहान मुलासारखा गोरा. इतक्या वर्षांत बिंगनं तिला इतकं नीट कधी पाहिलं नव्हतं.

“नवरी झालीय बघ!” आ-खिम म्हणाली. “आणि नवरा कोण? बिंग का?”

“त्यापेक्षा रेडा बरा,” चिम म्हणाली. “गप्प बसा गं, हसवू नका. मला दात दाखवायचे नाहीत. गेलेल्या बाईनं हसायचं नसतं. लोक म्हणतील, कुठेतरी सोनं पुरून गेलीय.”

ती ताठ बसली. हात गुडघ्यांवर, ओठ घट्ट. परीक्षेला बसलेल्या पोरीसारखी ती त्या काचेकडे बघत होती. बिंगनं डोळा लावला. बटण दाबलं. खट्.

“झाला?”

“अजून एक.” खट्. “झाला.”

रिकाम्या कॅमेऱ्याचाही आवाज अगदी भरल्यासारखाच येतो.

“चांगला आला?”

“फार चांगला, चिम,” बिंग म्हणाला. तिनं सगळ्यांना धिरडी खायला घातली. त्यानं दोन घेतली, आणि दोन्ही कागदात गुंडाळून घरी नेली.

पुढे रोजचा प्रश्न सुरू झाला. “काय रे, फोटो कुठंय?”

“रीळ अजून संपलेलं नाही, चिम. संपल्याशिवाय धुवायला देता येत नाही.”

“मग संपव की! पाच बगळे काढ, दहा खांब काढ.”

“काढतोय.”

“तू काढतोयस की रीळ विणतोयस?” ती म्हणायची आणि बायका हसायच्या. बिंगही हसायचा. मधल्या काळात त्यानं नवं रीळ घातलं, संपवलं, धुऊन आणलं, दुसरं घातलं. आणि तिला मात्र तेच उत्तर. परत जाताना तो रोज ठरवायचा, उद्या खरं रीळ घालून तिला पुन्हा बसवू, काहीतरी बिघडलं म्हणून सांगू. पण पुन्हा पार्लर, पुन्हा जाकीट, पुन्हा ते ताठ बसणं. आणि नंतर खरोखर बटण दाबणं. नको, तो म्हणायचा. ती आहे ना, मग घाई कसली.

थंडीत उत्तरेचा वारा सुटला. समुद्राकडून असा येतो की शेडचे पत्रे दिवसभर बोंबलत असतात. एका सकाळी बाँगची चिमनं रताळ्याची पेज अर्धी खाल्ली, जरा पडते म्हणाली आणि उठली नाही. ना दुखणं, ना दवाखाना. बिंग दुपारी पोचला तेव्हा तिची जागा रिकामी होती आणि आ-खिम फडक्याच्या आत रडत होती.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा त्याच्या मनात आलं ते हे, की आता माझ्यावर दोष नाही. मी फोटो काढलाच नव्हता. दुसऱ्या क्षणी त्याला कळलं की दोष उरला आहे तो हाच, तिनं मागितलेली एकच गोष्ट न दिल्याचा. फोटो न काढताही माणसं मरतात. एवढी साधी गोष्ट कळायला त्याला तिचा जीव जावा लागला.

तिच्या गल्लीत मांडव पडला होता. पंचांग बघून अंत्ययात्रेसाठी पंधरवड्यानंतरचा दिवस निघाला होता, तोवर रोज उदबत्त्या आणि मंत्र. आणि मध्ये फुलांत, ओळखपत्रावरून मोठा केलेला फोटो. अगदी ती म्हणाली होती तसा. डोळे दचकलेले, कान दोन्ही बाहेर, कोंबडी चोरताना धरलेली.

चिमची मुलगी बीथो मयतासाठी जाळायची कागदाची कमळं दुमडत बसली होती. काऊश्युंग शहरात कापडगिरणीत काम करून तिचे केसही पांढरे झाले होते. बिंगला बघून ती लगबगीनं उठली.

“काका, बरं झालं आलात. मी तुमच्याकडेच येणार होते. आईनं फोनवर सांगितलं होतं, माझा फोटो बिंगकडे आहे, त्याचं रीळ संपलं की मिळेल. संपलं का हो? हे बघवत नाही मला.”

बिंगला खोटं बोलायचं असतं तर अजून जागा होती. रीळ खराब निघालं, प्रकाश शिरला, स्टुडिओवाल्यानं हरवलं. सगळी उत्तरं त्यानं वाटेत तयार केली होती. पण तो इतका थकला होता की त्यातलं एकही उचलवेना.

“बीथो, फोटो नाही. मी काढलाच नाही. कॅमेऱ्यात रीळ नव्हतं.”

“विसरलात?”

“नाही. मुद्दाम. मला वाटलं... लोक माझ्या कॅमेऱ्याबद्दल म्हणतात ना. मला वाटलं, नाही काढला तर ती राहील.”

बीथोच्या हातातलं कमळ अर्धं दुमडलेलं राहिलं.

“म्हणजे आई त्या दिवशी नटूनथटून रिकाम्या डबड्यासमोर बसली होती?”

बिंगनं गळ्यातला कॅमेरा पाठीमागे सरकवला.

“तीन दिवस केस धुतले नाहीत तिनं, काका. फोनवर सांगत होती, केस अजून तसेच ठेवलेत, बिंगला परत काढावासा वाटला तर. मी म्हटलं, आई, तू किती नटवी झालीस. आणि तुम्ही...” तिनं तोंड फिरवलं. “तुमची माया मला कळली. पण ती तुमच्या कामाची होती, तिच्या नाही. जा तुम्ही आता.”

तिच्या बोलण्यात एकही शब्द चुकीचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिंगनं बिस्किटांचे सगळे डबे जमिनीवर उपडे केले. इतक्या वर्षांच्या दुपारी घरभर पसरल्या. गाडी, गाडी, गाडी. शेडपुढची गाडी तर शेकड्यांनी. आणि त्या प्रत्येक फोटोत, मागे, पत्र्याखाली, बायका. सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या आणि तोंडाला फडकी. कोण आ-खिम आणि कोण बाँगची, काही कळत नव्हतं. त्यानं माणसांचे फोटो सोडले, पण माणसं त्याच्या फोटोंतून गेली नव्हती, फक्त तोंडं झाकून बसली होती. भिंग घेऊन तो एकेक बघत राहिला. कंबर मोडली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. जेवायचं राहून गेलं.

उन्हं कलताना एक फोटो हाताला लागला.

तो काढला त्या दिवशी गाडी सुरूच होत नव्हती. बिंगनं किक मारून मारून पाय दुखवून घेतला आणि वैतागून टोपलीवर बसला, तेव्हा चिम ओरडली होती, “अरे, गेला तुझा रेडा! उगाच का मारतोस मेल्याला? फोटो काढ त्याचा. वर लावायचा तसला. मी उदबत्ती देते!” आणि बिंगनं रागारागानं खरंच गाडीचा फोटो काढला होता. त्या फोटोत पुढे गाडी होती, आणि मागे, नखाएवढी, बाँगची चिम. हसता हसता श्वास घ्यायला तिनं फडकं गळ्यात ओढलं होतं. तोंड पूर्ण उघडं, आहेत ते चारपाच दात लखलखीत, डोळे मिटत आलेले. हातात सुरी तशीच.

बिंग तो फोटो मांडीवर घेऊन रडला. बायको गेल्यानंतर पहिल्यांदाच.

मांडवात बीथोनं आधी फोटो हातात घेतला नाही. मग घेतला. तिला कुठे बघायचं ते बिंगनं बोटानं दाखवलं. तिनं तो डोळ्यांजवळ नेला.

“ही आई आहे?”

“हो.”

“आमच्यासमोर हसताना तोंडावर हात धरायची ती. दात पडले तेव्हापासून. मी हिला असं...” तिचं वाक्य पुरं झालं नाही. “कशाला हसतेय एवढी?”

“मला. गाडी सुरू होत नव्हती.”

बीथो हसली आणि त्याच हसण्यात तिला रडू फुटलं. तिचे दोघे भाऊ जवळ आले. थोरला म्हणाला, हे कसं चालेल, मांडवात कुणी असं दात दाखवतं का, लोक काय म्हणतील. आणि इतका लहान तुकडा मोठा केला तर चेहरा रव्यासारखा रवाळ दिसेल.

“दिसू दे रवाळ,” बीथो म्हणाली. “आई ऐंशीच्या वर गेली. ऐंशी पार केलेल्या माणसाचं सुतक नसतं, मयताला द्यायच्या पैशांची पाकिटंसुद्धा पांढरी नाही, गुलाबी देतात लोक. मग तिला हसायला काय झालं? स्टुडिओत डोकं कापून कुठल्याही कपड्यावर बसवतात. तिचं जांभळं जाकीट घेऊन जा आणि तसंच बसवून आणा. काका, तुम्ही जा बरोबर. या वेळी नीट बघा काय करतात ते.”

बिंग गेला आणि स्टुडिओवाल्याच्या खांद्यामागे उभा राहिला. जाकिटाची कॉलर तीनदा सरळ करून घेतली. दात झाकू का, असं स्टुडिओवाल्यानं विचारलं तेव्हा बिंग नको म्हणाला.

निघायच्या दिवशी वारा पडला होता. मांडवात फुलांच्या मधोमध, जरा धूसर, जांभळं जाकीट घातलेली बाँगची चिम खदखदा हसत होती. शेडच्या बायका उदबत्ती घेऊन रांगेत आल्या आणि पहिलीच थबकली. “अगं बाई, हिचे दात दिसतायत! चिडेल की ही!” मग त्यांच्यात एकदम हसू पसरलं, आणि हसू आवरायला त्यांनी तोंडं दाबली, आणि ती दाबता दाबताच सगळ्या रडायला लागल्या. परक्या गावचे पाहुणे पुन्हा पुन्हा त्या फोटोकडे बघत होते. जिला कधी कुणी नीट पाहिलं नव्हतं तिच्यावरून त्या दिवशी कुणाची नजर हलत नव्हती. तिला हवा होता तो फोटो मात्र हा नव्हता. तो बिंगनं तिला दिला नाही, आणि आता देताही येणार नव्हता, हे त्याला त्या गर्दीत पक्कं ठाऊक होतं.

मिरवणूक वळणाआड गेल्यावर तो गाडीपाशी आला. किक मारली. सुरू झाली नाही. पुन्हा मारली. पुन्हा. मग सवयीनं तो क्षणभर थांबला, मागून काहीतरी ऐकू येईल म्हणून. काही आलं नाही. इतकं एकटं त्याला सिओक-हुनच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

“रेडा बसला का?”

आ-खिम होती. पायांनी अधू, म्हणून मिरवणुकीबरोबर गेली नव्हती. भिंतीला टेकून बसली होती. ती बिंगच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघत होती.

“रीळ आहे का त्यात?” तिनं विचारलं. एव्हाना सगळ्या बंदराला कळलं होतं.

बिंगला लाज वाटली. त्यानं खिशातून डबी काढली, तिच्यासमोर कॅमेरा उघडला, रीळ बसवलं, झाकण लावलं.

“झाकणाआड नीट बसलंय की नाही, मला काय कळतंय? उघडून दाखव.”

“उघडलं की वाया जातं, आ-खिम.” तो तिच्याजवळ गेला आणि कॅमेऱ्याच्या डोक्यावरची बारकी दांडी तिला दाखवली. “मी हे ओढतो. ही दांडी फिरली तर रीळ आहे. बघ.”

त्यानं ओढलं. दांडी फिरली. आ-खिमनं डोळे बारीक करून ती फिरेपर्यंत पाहिली. मग तिनं बांबूची टोपी काढून मांडीवर ठेवली, मानेमागची गाठ सोडली आणि फडकं खाली घेतलं. तिचाही गाल अर्धा रापलेला, अर्धा गोरा.

“बघत काय बसलास? काढ.”

बिंगची जुनी भीती तशीच होती. ती कुठे जाणार होती. त्यानं डोळा लावला आणि बटण दाबलं. पहिला हलला असेल, म्हणून लगेच दुसराही काढला.